गुठळी निघाली, पाय गरम झाला, पण पोटरी टणक होतेय? सकाळच्या राऊंडची वाट बघू नका

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या मांडीतल्या धमनीची गुठळी काल संध्याकाळी काढली, पाय पुन्हा गरम झाला, पण रात्रीपासून पोटरी फुगतेय, दुखणं वाढतंय आणि वॉर्डात 'ऑपरेशननंतर सूज येतेच' एवढंच ऐकायला मिळतंय. माझ्या मोठ्या भावाचं अगदी हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही. तरीही सांगतो, कितीही वाजले असोत, व्हॅस्क्युलर सर्जनना (रक्तवाहिन्यांच्या सर्जनना) आत्ता फोन करायला लावा.

स्नायू पाच-सहा तास रक्ताविना उपाशी राहिले की रक्त परत आल्यावर ते सुजायला लागतात. पोटरीतले स्नायू चार कप्प्यांत असतात आणि त्या कप्प्यांचं आवरण ताणत नाही. मग आतला दाब वाढत जातो आणि बारीक रक्तवाहिन्या, नसा चेपल्या जातात.

आमच्याकडे रात्री ड्युटीवरच्या डॉक्टरांनी घोट्याला डॉपलर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावला, आवाज आला. 'पल्स आहे, काळजी करू नका' म्हणाले, पेनकिलर दिलं आणि निघून गेले. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. मोठ्या धमनीतला दाब कप्प्यातल्या दाबापेक्षा जास्त असतो, त्यामुळे आत स्नायू मरत असले तरी पल्स लागू शकतो! भावाचा अंगठा नुसता खाली वाकवला तरी तो कळवळायचा. पहाटे अंगठा आणि शेजारच्या बोटामधली जागा बधिर झाली. सिस्टरला सांगितलं तर 'पेशंट घाबरट आहे' म्हणे. फॅसिओटॉमी, म्हणजे कातडी आणि ते आवरण उभं कापून दाब मोकळा करणं, झाली सकाळी उशिरा. पाय वाचला, पण पाऊल वर उचलण्याची ताकद गेली ती गेलीच.

म्हणून 'पल्स आहे' या उत्तरावर गप्प बसू नका. 'कप्प्यातला दाब मोजलात का?' असं सरळ विचारा. भांडखोर नातेवाईक म्हणाले तर म्हणू देत.

लघवीच्या पिशवीवरही लक्ष ठेवा. काळपट चहाचा रंग दिसला तर मेलेल्या स्नायूंतला मायोग्लोबिन नावाचा प्रथिन पदार्थ किडनीत उतरतोय असं समजा आणि लगेच दाखवा. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्त तपासणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम आणि ईसीजी मागा. पोटॅशियम अचानक वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. आमच्याकडे सलाईन वाढवायला उशीर झाला आणि डायलिसिसची वेळ आली. पाय उशांवर उंच ठेवू नका, हृदयाच्या पातळीत राहू द्या. शेक नको, तेल लावून चोळणं तर अजिबात नको. बँडेज आवळलेलं वाटलं तर सैल करून मागा.

रक्त परत आल्यावर होणारी इजा टाळायला कुणी अँटिऑक्सिडंटच्या महागड्या गोळ्या सुचवतील. माझ्या मते तो पैसा वाया. अशीच इजा टाळण्यासाठी हार्ट अटॅकमध्ये दंडाला बीपीसारखा कफ फुगवून-सोडून बघितलं होतं. 2019 मध्ये पाच हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत त्याचाही फायदा दिसला नाही. वेळेत दाब सोडवणं, भरपूर सलाईन आणि सतत नजर, आमच्या डॉक्टरांनी नंतर हेच सांगितलं.

घरी सोडण्याआधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) याबद्दल विचारा. अशी गुठळी बऱ्याचदा हृदयातूनच येते. भावाच्या नाडीचे ठोके अनियमित होते, हे खूप उशिरा कळलं. रक्त पातळ करणारी गोळी किती दिवस घ्यायची, ते लेखी घ्या.