'पॅराडाइज लॉस्ट'मध्ये सैतानच नायक वाटतो. ख्रिस्ती महाकाव्यांत पतित देवदूत असेच रंगवतात का?

तुम्ही पहिले दोन सर्ग वाचून थांबलात, असा माझा अंदाज. चुकत असेन तर माफ करा, पण माझं तसंच झालं होतं. एम.ए.ला आम्हाला फक्त पहिला सर्ग नेमलेला होता आणि वर्गातले निम्मे जण सैतानाच्या बाजूचे होऊनच परीक्षेला बसले. त्यात नवीन काही नव्हतं म्हणा. हे महाकाव्य लिहिणारा इंग्रज कवी मिल्टन नकळत सैतानाच्याच पक्षाचा होता, असं ब्लेक या दुसऱ्या इंग्रज कवीने केव्हाच लिहून ठेवलंय.

आधी दुसरा प्रश्न उरकतो. सगळे कवी असं रंगवत नाहीत. मिल्टनच्या साधारण साडेतीनशे वर्षं आधी इटालियन कवी दांतेने नरकाच्या तळाशी जो सैतान दाखवला, तो छातीपर्यंत बर्फात रुतलेला आहे. त्याला तीन तोंडं आहेत आणि तिन्ही तोंडांत एकेक विश्वासघातकी: येशूला दगा देणारा जूडास, सीझरला मारणारे ब्रूटस आणि कॅशियस. त्याच्या सहा पंखांच्या वाऱ्यानेच भोवतालचं पाणी गोठतं. दांतेला तो लांबून धुक्यातल्या पवनचक्कीसारखा दिसतो. तो एक शब्दही बोलत नाही. अशा सैतानाच्या प्रेमात पडायची सोयच नाही.

मिल्टनने (पहिली आवृत्ती १६६७, तेव्हा सर्ग दहा, १६७४ मध्ये त्यांचे बारा केले) या पतित देवदूतांना वाचा दिली. सगळा घोळ तिथून सुरू होतो. देवाविरुद्धच्या बंडात हरून, नऊ दिवस कोसळत खाली आलेले हे देवदूत आगीच्या तळ्यातून उठतात. विजेने भाजलेल्या चेहऱ्याचा सैतान त्यांच्यापुढे उभा राहतो, तीनदा बोलायला जातो आणि तीनदा त्याला रडू फुटतं. आपल्यापायी हे सगळे इथे पडले, हे त्याला दिसतंय. इथे वाचक विरघळणारच. दुसऱ्या सर्गात तो सिंहासनावर बसतो तेव्हा त्या थाटापुढे ओर्मुझ (इराणच्या आखातातलं व्यापारी बेट) आणि हिंदची संपत्तीही फिकी पडते. उडतो तेव्हा लांबून बंगालहून मसाला घेऊन निघालेल्या गलबतांच्या ताफ्यासारखा दिसतो. (आपला मुलूखही या काव्यात आहे. नवव्या सर्गात आदम आणि ईव्ह अंगाभोवती जी पानं गुंडाळतात, ती मलबार आणि दख्खनमधल्या वडाची. पान मात्र ढालीएवढं! वटपौर्णिमेला फांदी तोडून आणणाऱ्या कुणीही मिल्टनला सांगितलं असतं, ते एवढं मोठं नसतं.)

मला स्वतःला सैतानापेक्षा बाकीचे देवदूत जास्त आवडतात. दुसऱ्या सर्गातली त्यांची बैठक वाचा. मोलॉक म्हणतो, पुन्हा लढू, मेलो तर मेलो. बेलिअल गोड बोलून म्हणतो, गप्प राहू, कदाचित देवाचा राग निवळेल. आणि कितीही यातना होवोत, विचार करणारं हे मन कोण गमावून बसेल? मॅमन म्हणतो, इथेच सोनं आहे, इथेच घर बांधू. स्वर्गात असतानाही हा मान खाली घालूनच चालायचा, पायाखालची सोन्याची फरशी बघत! हरलेल्या पक्षाच्या कार्यकारिणीची सभा ज्याने पाहिली आहे, त्याला यातला एकेक जण ओळखता येईल. शेवटी मंजूर होतो तो सैतानाचा बेत (देवाने नव्याने घडवलेल्या माणसाला फितवायचं), तोही त्याने बेल्झेबबच्या तोंडून मांडलेला.

मग सैतान पृथ्वीच्या शोधात निघतो आणि मागे उरलेल्यांना वेळ घालवायचा असतो. काही जण शर्यती लावतात, काही आपल्याच पराक्रमाची गाणी गातात. काही जण टेकडीवर बसून दैव, ईश्वराचं पूर्वज्ञान आणि इच्छास्वातंत्र्य यांवर वाद घालतात आणि त्या भुलभुलैयात हरवून जातात. नरकातही कट्टा आहे.

आता नायकपणाबद्दल. चौथ्या सर्गाच्या सुरुवातीला सैतान एकटा, निफाटीस डोंगरावर. मिल्टनच्या भाच्याने सांगून ठेवलंय की या भाषणाच्या सुरुवातीच्या ओळी महाकाव्याच्या कितीतरी आधी, एका नाटकासाठी लिहिलेल्या होत्या. इथे सैन्य नाही, टाळ्या नाहीत. तो सूर्याकडे बघून म्हणतो, तुझा प्रकाश मला आवडत नाही, कारण मी काय होतो ते तो आठवून देतो. देव आपल्याशी वाईट वागला नव्हता, हेही कबूल करतो. मग स्वतःलाच विचारतो, पश्चात्तापाला जागाच नाही का? आहे, पण शरण जावं लागेल. आणि ज्यांना मोठमोठ्या बाता मारून खाली आणलं, त्यांच्यापुढे कुठल्या तोंडाने जाऊ? समजा गेलोच, तर बरं वाटल्यावर दुखण्यात घेतलेल्या शपथा मोडणारच. म्हणजे दार देवाने लावलंय की त्याने स्वतःच, हे तुम्हीच ठरवा. माझं उत्तर: त्याने स्वतःच.

पुढे त्याची रूपं बघत जा. झाडावर बसलेला पाणकावळा, मग झोपलेल्या ईव्हच्या कानाशी बसलेला बेडूक, मग साप. दहाव्या सर्गात जिंकून परत येतो, भाषण ठोकतो, टाळ्यांची वाट बघतो. सभागृहातून येतो तो नुसता फूत्कार. सगळेच साप झालेत, तोसुद्धा. पहिल्या सर्गात रडणारा तो हाच. मिल्टनने त्याला एका फटक्यात मारलं नाही, थोडा थोडा लहान करत नेला.

आपल्याला हे पचायला अवघड जातं, त्याचं एक कारण जय-विजय असावेत. वैकुंठाचे ते द्वारपाल शापाने पडतात, पण सात जन्म भक्त होण्यापेक्षा तीन जन्म शत्रू होणं पत्करतात, म्हणजे लवकर परतता येईल. आपल्याकडे पडणं हा वळसा आहे. मिल्टनकडे परतीची वाट नाही. जर्मन कवी क्लॉपस्टॉकच्या 'मेसिआस'मध्ये (पहिले तीन सर्ग १७४८, पूर्ण १७७३) मात्र अब्बाडोना नावाचा पतित देवदूत पश्चात्तापाने झुरत राहतो. त्याचं पुढे काय होणार, याची वाचकांना काळजी लागली होती. शेवटी कवीने त्याला क्षमा मिळवून दिली.

आणि मराठीत वाचायचं असेल तर 'पॅराडाइज लॉस्ट'च्या ५१ वर्षं आधी, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला फादर थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. ओवीबद्ध, साधारण अकरा हजार ओव्यांचं. लुसिफरचं (म्हणजे याच सैतानाचं) पतन त्याच्या पहिल्या पुराणातच येतं. स्वर्गासाठी स्टीफन्सने शब्द वापरलाय वैकुंठ.