मासिक ‘धोटा’, आखणी इंग्रजी: शाळेच्या मीडिया प्रकल्पाबद्दल थोडं सविस्तर

तुझा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. अकरावीला मीडिया विषय आहे. प्रकल्पात नव्या मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) करायचंय, शिवाय वर्गाने काढलेल्या लघुपटाचं पोस्टर. विषय आपल्या बेळगावातल्या वडगाव-शहापूरचे विणकर, मासिकाचं नाव ‘धोटा’, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा. कॅनव्हा या ऑनलाइन मांडणीच्या साधनावरचा एक देखणा इंग्रजी नमुना घेऊन त्यात मराठी मजकूर भरलास, आणि आता विचारतेस की, “काका, सगळं जागच्या जागी आहे, तरी पान हौशी का दिसतंय?” कुणीतरी तुला ‘फॉन्ट बदल’ म्हणून सांगितलंय. फॉन्टने थोडं सुधारेल, पण दुखणं तिथं नाही.

ज्याने तो नमुना आखला त्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी कॅपिटल अक्षरं होती. एका उंचीची, वर काही नाही, खाली काही नाही. आपल्या ओळीला तीन मजले असतात: शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा, रफार, मधे मूळ अक्षर, खाली उकार आणि ऋकार. इंग्रजीच्या मापाने कापलेल्या चौकटीत ही ओळ कोंबली की ती गुदमरते. तुझ्या जोडपानाचा मथळाच बघ. ‘धागा तुटू नये’ ही पहिली ओळ, ‘म्हणून हे घर जागं’ ही दुसरी. मथळा झकास आहे, पण दोन ओळींतलं अंतर नमुन्यातलंच राहिलंय, त्यामुळे ‘हे’ची मात्रा वरच्या ‘तुटू’च्या उकारांत घुसलीय. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण डोळा तिथं अडखळतोच. इंग्रजी नमुन्यात मथळ्याच्या ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाएवढं, कधी त्याहूनही कमी ठेवलेलं असतं. आपल्याला तिथं सव्वापट-दीडपट लागतं. आतल्या मजकुराला अकरा पॉइंटचं अक्षर घेतलंस तर ओळ सोळा-सतरा पॉइंटवर ठेव. पान मोकळं दिसेल आणि मजकूर कमी बसेल. मग मजकूर काप, अक्षर बारीक करू नकोस.

रकान्यांचंही तसंच. ए-फोर पान २१० मिमी रुंद. दोन्ही बाजूंना १५ मिमी समास सोडलास तर १८० उरतात. त्यात नमुन्याप्रमाणे तीन रकाने केलेस की एकेक जेमतेम ५६-५७ मिमीचा होतो. इंग्रजीचे शब्द आखूड, शिवाय ते ओळीच्या टोकाला तोडून खाली नेता येतात. आपल्याकडे प्रत्यय लागून शब्द लांबतो, ‘विणकरांच्यासाठीसुद्धा’ लिहिलंस की अर्धी ओळ संपली. त्यात दोन्ही कडा सरळ करायचा हट्ट धरलास तर शब्दांमधे भगदाडं पडतात. तुझ्या तिसऱ्या रकान्यात ती पडलीच आहेत. दोन रकाने घे, प्रत्येकी ८७ मिमीच्या आसपास, मधे सहा मिमी. आणि उजवी कड सोडून दे मोकळी. वर्तमानपत्रात दोन्ही कडा सरळ असतात हे खरं, पण तिथं रकाना भरायला बसलेल्या माणसाचा हात त्यात मुरलेला असतो.

आता मुखपृष्ठ. इथं जरा थांबतो, कारण तुझी खरी कमाई इथं आहे. ‘धोटा’ हे नाव तू निवडलंस की घरच्यांनी सुचवलं ठाऊक नाही, पण मांडणीच्या दृष्टीने ते सोनं आहे. दोनच अक्षरं, खाली काहीही लोंबत नाही, वर एकच मात्रा. असं नाव पानभर ताणता येतं आणि लांबूनही वाचता येतं. फक्त एक कर. परदेशी मासिकांत माणसाचं डोकं नावाच्या पुढे येतं आणि एखादं अक्षर झाकतं, तशी तू त्या आजोबांची टोपी नावावर आणलीयस. कल्पना चांगली, जागा चुकीची. टोपीमागे नेमकी ‘धो’ची मात्रा गेलीय आणि नाव ‘धाटा’ झालंय. इंग्रजीत अर्धं अक्षर झाकलं तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे मात्रा गेली की शब्दच बदलतो. फोटो उजवीकडे सरकव, टोपी ‘टा’च्या कान्याच्या तळाशी येऊ दे. शिरोरेषा आणि मात्रा पूर्ण दिसल्या पाहिजेत, मग खालचा भाग थोडा झाकला तरी चालतं. आणि ‘ध’ची शिरोरेषा डावीकडे मुळातच तुटलेली असते, ती गाळलेली जागा समजून भरू नकोस. एका पोराने भरली होती, ‘घोटा’ झाला होता.

जमल्यास ही दोन अक्षरं हाताने काढ. कागदावर जाड बोरूने किंवा कट-निबने दहा-बारा वेळा लिही, त्यातलं एक निवडून फोटो काढ आणि इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची बाह्यरेषा करून घे. मराठी मासिकांची परंपराच ती आहे. चित्रकार दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघ, किंवा ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक मिळाले तर बघ. या किर्लोस्करांचं मूळ आपल्याच गावातलं, १८८८ साली उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान बेळगावातच काढलं होतं. हे मासिक ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघालं ते पुढे, १९२० साली, किर्लोस्करवाडीहून, आणि त्याचे संपादक शंकरराव स्वतः चित्रकला शिकलेले. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. तिथं जाऊन जुने दिवाळी अंक दाखवता का म्हणून विचार. प्रकल्पाच्या ‘अभ्यासलेली मासिकं’ या भागात तुझ्या वर्गातले सगळे इंग्रजी फॅशन मासिकं लावणार. तू एक मराठी दिवाळी अंक लाव आणि त्याचं मुखपृष्ठ का चालतं ते चार ओळींत लिही.

मुखपृष्ठावरच्या मजकुराबद्दल एवढंच: तू सात ओळी घातल्यायस, चार पुरेत. इंग्रजीत मोठी-छोटी लिपी, तिरपा ठसा, असे बरेच डाव असतात. देवनागरीला कॅपिटल नाही, आणि सॉफ्टवेअरने तिरकं केलेलं अक्षर केविलवाणं दिसतं. आपल्या हातात तीनच गोष्टी: ठसा किती जाड, अक्षर किती मोठं, रंग कोणता. एका वेळी त्यातली एक बदल. तू मुख्य लेखाचं नाव जाड, मोठं, लाल, वर सावली आणि पिवळी कड अशा थाटात केलंयस. ते गणेशोत्सवाच्या फलकावर शोभेल.

फॉन्टचं विचारलंच आहेस तर सांगतो. ‘मुक्त’, ‘बलू’, ‘अनेक’ हे फॉन्ट मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे आहेत, फुकट मिळतात आणि तिन्ही युनिकोड आहेत. मजकुराला ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो’, मथळ्याला ‘बलू’ किंवा ‘अनेक’. बस. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ते आपल्या वाचकाला परके वाटतात. निवडण्याआधी ‘शाल’ लिहून बघ. ‘दऱ्या’, ‘तुझ्या’, ‘कृष्णा’, ‘सर्व्हिस’ हेही लिहून बघ, जोडाक्षर तुटत असेल तर तो फॉन्ट बाद. फोटोशॉपमध्ये वेलांटी पुढं-मागं होत असेल तर त्यात फॉन्टचा दोष नाही. आवृत्ती जुनी असेल तर पसंतींमध्ये (प्रेफरन्सेस) टाइपखाली ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ चालू कर. इनडिझाइनमध्ये तेच काम ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर’ करतो. मराठी मोडायचं निम्मं कारण एवढंच असतं.

पोस्टरला पुन्हा हाच घोळ झालाय, फक्त वेगळ्या रूपात. सिनेमाच्या पोस्टरवर बारीक अक्षरं दूर-दूर मांडायची फॅशन आहे, तू ती लघुपटाच्या नावाला लावलीस. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषेचे तुकडे होतात. ते अंतर शून्यावर आण. नाव रुंद करायचंच असेल तर ‘अनेक’ फॉन्टमध्ये रुंद आणि अरुंद असे दोन्ही ठसे आहेत, रुंद ठसा घे. खाली कलाकार-तंत्रज्ञांची नावं दाटीने येतात त्या पट्टीला त्याचाच अरुंद ठसा वापर, एकाच घराण्याची अक्षरं दिसतील.

पोस्टरमध्ये चित्र बोललं पाहिजे. कोल्हापूर इथून काय लांब आहे, दोन-अडीच तास. तिथल्या बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे आज टिकून असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत गणलं जातं. तुझ्या संशोधनाच्या पानावर हा उल्लेख आला तर तो उपरा वाटणार नाही, उलट पोस्टरकलेचा धागा आपल्याच भागातून जातो हे दिसेल. तू मात्र पोस्टरवर चार फोटोंची जोडणी केलीयस. एकच ठेव. तो धोट्याचा, हाताच्या बोटांसकट जवळून घेतलेला, कापसाचे तंतू लाकडाला चिकटलेले दिसतात तो. बाकीचे तीन फोटो आतल्या पानांवर जाऊ देत.

आता आपल्याकडचा खास प्रश्न, तो तू विचारलाच नाहीस. लघुपट बघायला येणाऱ्यांत निम्मे पालक कन्नड वाचणारे असतील. शाळेच्या फाटकावर लावायच्या पोस्टरवर दिवस, वेळ, जागा कन्नडमध्येही असू दे. शोभेसाठी नको, लोक यावेत म्हणून. अनेक, बलू आणि नोटो या तिन्हींत कन्नडचं भावंड आहे, जोडी जमते. पण दोन्हींना एकच पॉइंट देऊन मोकळी होऊ नकोस. कन्नड अक्षर गोल, डोक्यावर रेघ नाही, त्यामुळे त्याच मापात ते कधी लहान, कधी फुगलेलं वाटतं. डोळ्याला सारखं दिसेपर्यंत एकाचं माप बदल, आकड्याकडे बघू नकोस. आणि कन्नडला ओत्तक्षर असतं, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं. त्याच्याखाली लगेच मराठी ओळ आली तर वेलांट्या आणि ओत्तक्षरं एकमेकांत अडकतात. मधे चांगली जागा सोड, किंवा मराठी डावीकडे आणि कन्नड उजवीकडे असे दोन खांब कर. भाषांतर यंत्राने केलेलं तसंच छापू नकोस. कन्नडच्या बाईंकडून किंवा शेजारच्या काकूंकडून एकदा वाचून घे.

फोटोंबद्दल घाईत सांगतो. पूर्ण ए-फोर पानाला छपाईत, इंचाला ३०० ठिपके धरून, २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलचा फोन तेवढं देतो, फक्त मूळ फाइल हवी. तुझे मित्र व्हॉट्सॲपवर पाठवतात ते फोटो साध्या पद्धतीने आले तर लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलच उरतात, म्हणजे छापल्यावर साडेतेरा सेंटिमीटर. मुखपृष्ठ धुरकट का आलं त्याचं उत्तर हेच. डॉक्युमेंट म्हणून मागव. मुखपृष्ठासाठी फोटो उभा घे आणि वरचा तिसरा हिस्सा मोकळा सोड, नाव तिथं बसतं. मागाच्या खोलीत ट्यूबलाइट बंद करून खिडकीचा उजेड घे. आणि ज्यांचे फोटो घेतलेस त्या आजोबांना छापायच्या आधी पान दाखव, हो म्हणाले तरच.

छपाईला जाताना. चारही कडांना ३ मिमी जादा चित्र सोड, नाहीतर कापताना पांढरी रेघ येते. पडद्यावरचा भडक निळा आणि पोपटी कागदावर मलूल होतो, तेव्हा आधी एक पान काढून बघ. मजकुराचा काळा हा फक्त काळाच असू दे, चार रंगांचा नको. जोडपान ए-थ्रीवर, ४२० बाय २९७, सलग छाप. दोन ए-फोर चिकटवलेस तर मथळ्याचं अक्षर मधेच तुटतं. अख्खा अंक बांधायचा विचार असेल तर पानं चारच्या पटीत लागतात. आठ पानांच्या अंकात मधे पिन मारली की चार आणि पाच ही पानं एकाच कागदावर येतात, तुझं जोडपान तिथंच टाक. कागद आतल्या पानांना १३० जीएसएमचा (चौरस मीटरला १३० ग्रॅम) आर्ट पेपर, मुखपृष्ठाला २५० चा. पोस्टर कागदावरच छाप. फ्लेक्स स्वस्त पडतं म्हणून कुणी सांगेल, पण कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर २०१६ पासून बंदी आहे, आणि भिंतीवर कागदाचा रंग अधिक चांगला दिसतो.

दुकानात फाइल देताना पीडीएफच दे, फॉन्ट आत घातलेली. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपी ही जुनी फॉन्टपद्धत चालते. तुझा युनिकोड मजकूर उचलून ते त्यात बदलायला गेले की ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि अवतरणचिन्हं हमखास हलतात. ‘मी उघडून थोडं नीट करतो’ म्हणाले तर नको म्हण. मथळ्यांची अक्षरं आधीच कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या आकृतींत, बदलून दे. पहिलं पान बाहेर आलं की मशीनपाशीच उभी राहून आधी ‘धोटा’ची मात्रा बघ, मग फोन नंबर आणि तारखा, मग कन्नड ओळ. आणि जुनी कॅनव्हाची पानं पुसू नकोस. प्रकल्पाच्या वहीत ती डावीकडे आणि नवी उजवीकडे लाव, आणि मधे लिही की काय बदललं आणि का.