भट्टी बंद होते, उष्णता नाही

तुम्ही विचारलंय की एक बाजू अणुऊर्जेला 'सर्वांत स्वच्छ' म्हणते, दुसरी 'टाइम बॉम्ब'. दोघांकडे आकडे आहेत, मग विश्वास कोणावर ठेवायचा? दोघांचेही बरेचसे आकडे खरे आहेत. गोची अशी की ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मी बरीच वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केल्या. आमच्याकडे संच ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की कोळसा तुटतो, आग विझते, माणूस श्वास घेतो. अणुभट्टीचं तसं नाही. नियंत्रक कांड्या आत गेल्या की काही सेकंदांत अणू फुटत राहण्याची साखळी प्रक्रिया थांबते, पण इंधनात साठलेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचा क्षय चालूच राहतो. १००० मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता असते सुमारे ३००० मेगावॉट. बंद केल्या क्षणी तिच्यातली सहा-सात टक्के उरते, म्हणजे २०० मेगावॉटच्या आसपास. दिवसभरानंतरही दहा-पंधरा मेगावॉट. ती पाण्यानेच काढायची, पाणी फिरवायला पंप, पंपाला वीज. वादातलं अर्धं भांडण मला तरी या एका गोष्टीपाशी येऊन थांबलेलं दिसतं.

११ मार्च २०११ला जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राच्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद झाल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे. मग पाऊण-एक तासात त्सुनामीची लाट आली आणि तळघरात बसवलेले जनरेटर बुडाले. कर्मचाऱ्यांनी मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मीटरला जोडल्या, निदान भट्टीत पाणी किती आहे ते तरी दिसावं म्हणून. (कंट्रोल रूममध्ये अंधार म्हणजे काय, हे तिथे बसलेल्यालाच कळतं.)

त्याच किनाऱ्यावरचं ओनागावा केंद्र भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ होतं. ते सुमारे १४ मीटर उंचीवर बांधलेलं, म्हणून सुखरूप बंद झालं. आसपासचे बेघर लोक आसऱ्याला त्याच केंद्राच्या आवारात राहिले. फुकुशिमात मात्र ३५ मीटरचा कडा छाटून भट्ट्या १० मीटरवर बसवल्या होत्या. १५ मीटरहून उंच लाट येऊ शकते, हा हिशेब केंद्र चालवणाऱ्या कंपनीनेच २००८मध्ये करून ठेवला होता. समुद्राकडची भिंत काही उंच झाली नाही. आणि तपासणी करणारी संस्था होती ती अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्याच अखत्यारीत! संसदेच्या चौकशी आयोगाने २०१२मध्ये या अपघाताला मानवनिर्मित म्हटलं, ते उगाच नाही.

आता 'स्वच्छ'वाल्यांचं. कार्बनच्या बाबतीत ते बरोबर आहेत. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या २०१४च्या अहवालात, बांधकामापासून मोडतोडीपर्यंत सगळं धरून, अणुऊर्जेचा मध्यांक विजेच्या युनिटमागे १२ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे. पवनऊर्जाही तिथेच, कोळसा ८२०. धूर आणि राख वेगळीच. जर्मनीने १५ एप्रिल २०२३ला शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या तेव्हा त्यांचे कोळशाचे संच चालूच होते. मला तो क्रम उलटा वाटला, आजही वाटतो.

पण म्हणून नव्या भट्ट्यांचा सपाटा लावा, असं मी म्हणणार नाही. फिनलंडची ओल्किलुओतो-३ ही भट्टी सुरू व्हायची होती २००९मध्ये. नियमित वीज आली २०२३च्या एप्रिलमध्ये. चौदा वर्षं! तेवढ्या काळात सौर आणि पवन कितीतरी पुढे गेले. रात्रीचा आणि वारा पडल्याचा प्रश्न राहतोच, त्यामुळे चालू आणि धड असलेल्या भट्ट्या मी तरी मुदतीआधी बंद करणार नाही. कचऱ्याबद्दल लोक सर्वाधिक घाबरतात, मला तो तुलनेने सोपा भाग वाटतो: एका मोठ्या भट्टीतून वर्षाला २०-३० टन वापरलेलं इंधन निघतं, आणि फिनलंडने ते पुरायला ओंकालोत ४०० मीटरहून खोल खडक कोरला आहे. अवघड भाग आहे तो जागा द्यायला तयार होणारं गाव मिळणं.

आणखी एक, 'टाइम बॉम्ब'वाले आणि 'स्वच्छ'वाले दोघंही टाळतात ते: फुकुशिमा प्रांतात घाईच्या स्थलांतराने आणि त्यानंतरच्या हालांनी २०००हून अधिक माणसं दगावली, बहुतेक वृद्ध. तेव्हा तुमच्यासमोर एखाद्या प्रकल्पाची सुनावणी आली तर 'सुरक्षित आहे का?' विचारू नका, 'हो' एवढंच ऐकू येईल. जनरेटर किती उंचीवर आहेत, तपासणारा कोणाचा पगार घेतो, आणि रुग्णालयातले झोपून असलेले पेशंट कोणत्या गाडीतून कुठे न्यायचे ठरलंय, ते विचारा.