घुबडं बघायला लागलायस, तर हे ऐक

पहिलं घुबड शोधायला जंगलात जायची गरज नाही. गावातलं जुनं चिंचेचं किंवा वडाचं झाड गाठ. दिवेलागणीला ढोलीतून पिंगळा, म्हणजे छोटं घुबड, डोकं काढेल आणि तुझ्याकडे बघून मान खालीवर करेल. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, फिरत नाहीत. म्हणून अंतराचा अंदाज घ्यायला ते सगळं डोकंच हलवतं. मान साधारण २७० अंशांपर्यंत वळते, पूर्ण गोल नाही. ही चूक लोक सर्रास पुढे पाठवतात, तू पाठवू नकोस.

झाडाखालीही बघ. अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या सापडतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेला भाग घुबडाने ओकून टाकलेला असतो. काडीने हळूच उकल. मी पहिल्यांदा उकलली तेव्हा केसांच्या गुंत्यात उंदराचा इवलासा जबडा निघाला, पिवळट-नारिंगी दातांसकट! त्या फोटोवरून शेजारच्या शेतकरीकाकांना घुबड किती उंदीर खातं ते पटलं. असं काही सापडलं की जरूर सांग, लोकांना फार आवडतं.

रानपिंगळा, म्हणजे जंगलात राहणारं छोटं घुबड, तर ११३ वर्षं कुणाला दिसलाच नव्हता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. हे सांगताना मला अजून काटा येतो.

ढोलीचा पत्ता मात्र कुणालाही देऊ नकोस, दिवाळीच्या आसपास तर मुळीच नाही. अंधश्रद्धेपायी तेव्हा घुबडं पकडली जातात. फोटोतलं ठिकाण काढून टाक, फ्लॅशही नको.