मोठ्या शहराजवळ गाडी चालवायला मजा येईल असे रस्ते कसे शोधायचे?

गूगल मॅपवर टेरेन लेयर लावा आणि डोंगर कुठेत ते बघा, झूम केल्यावर कंटूर रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) जिथे दाटीवाटीने दिसतात तिथून जाणारा रस्ता सहसा वळणावळणाचाच असतो. एक्सप्रेसवे झाल्यावर ट्रॅफिक तिकडे वळतो नि जुना रस्ता बऱ्याचदा मोकळा राहतो, तो आधी बघा. नेव्हिगेशनमध्ये 'हायवे टाळा' करून ठेवलं की असे रस्ते आपोआप समोर येतात (कधीकधी कुणाच्या शेतातही नेतं म्हणा). सॅटेलाइट व्ह्यूत जवळपास खाणी, क्रशर दिसले तर सोडून द्या, डंपरमागे रांगत जाण्यात काय मजा! आणि सकाळी उजाडताच निघा, दहानंतर चांगला रस्तासुद्धा वैताग देतो.