सोसायटीच्या मीटिंगमध्ये जातीवरून बोलले तर ‘अ‍ॅट्रॉसिटी’ लागते का?

तुम्ही विचारलंय की पार्किंगवरून वाद झाला, सेक्रेटरीने भर मीटिंगमध्ये तुमच्या जातीचं नाव घेऊन घाण शब्द वापरले आणि पोलीस ठाण्यात ‘ही एन.सी. (अदखलपात्र तक्रार) आहे, कोर्टात जा’ म्हणून तुम्हाला वाटेला लावलं. तुम्ही अनुसूचित जातीचे आहात आणि सेक्रेटरी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, असं धरून लिहितो. मग ही एन.सी. नाही, दखलपात्र गुन्हा आहे. मी जिल्हा कोर्टात वकिली करतो, या कायद्याखाली फिर्यादीच्या बाजूनेही उभा राहिलोय आणि आरोपीच्याही. त्यामुळे केस कुठे मोडते ते दोन्हीकडून पाहिलंय.

कायदा 1989 चा, अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध अधिनियम, म्हणजेच ‘अ‍ॅट्रॉसिटी’. यातल्या अपमानाच्या जुन्या कलमाला, 3(1)(10) ला, जुनी मंडळी अजून ‘तीन एक दहा’ म्हणतात. 2016 पासून त्याची दोन कलमं झाली. 3(1)(आर) म्हणजे लोकांच्या नजरेसमोर मुद्दाम अपमान करणं किंवा धमकावणं, आणि 3(1)(एस) म्हणजे जातीच्या नावाने शिवीगाळ. शिक्षा किमान 6 महिने, जास्तीत जास्त 5 वर्षं, शिवाय दंड.

‘सोसायटी खासगी जागा आहे, लागू होत नाही’ हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंय, त्यात अर्धंच खरं आहे. कायदा सार्वजनिक जागा मागत नाही, लोकांच्या नजरेत येईल अशी जागा मागतो. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये हा फरक स्पष्ट केला: बंगल्याच्या आवारातली हिरवळ खासगी असली तरी बाहेरून जाणाऱ्याला दिसत-ऐकू येत असेल तर कलम लागतं, इमारतीच्या आत असेल तर तिथे बाहेरचे कुणी हजर हवेत, नुसते नातेवाईक-मित्र नकोत. तुमच्या मीटिंगला इतर सभासद होते, म्हणजे हा मुद्दा बराचसा सुटतो. बंद घरात, चार भिंतींत, तिसरं कुणी नसताना झालेला अपमान मात्र बसत नाही, असं 2020 च्या निकालात म्हटलंय. मला हे खटकतं, कारण अपमान करणारा बरेचदा दार लावूनच बोलतो. पण कायद्याचे शब्दच तसे आहेत.

माझ्या मते सगळी केस फिर्यादीच्या पहिल्या पानावर ठरते. ठाण्यात काय होतं ते सांगतो. फिर्यादी बोलत असतो, हवालदार टाइप करत असतो. शिवी आली की फिर्यादीचा आवाज खाली जातो. तो म्हणतो, ‘जातीवरून बोलला साहेब.’ हवालदार नेहमीचं वाक्य टाइप करतो: ‘जातिवाचक शिवीगाळ करून अपमान केला.’ दोघांचंही काम झालेलं असतं आणि केसचा पाया तिथेच खचतो. नेमके कोणते शब्द, कुठे उभं राहून, कोणाच्या समोर, यातलं काहीच कागदावर येत नाही. मग उलटतपासणीत मी (आरोपीचा वकील असलो तर) पहिला प्रश्न हाच विचारतो की शब्द फिर्यादीत का नाहीत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की आरोपीचं बोलणं फिर्यादीत नसेल तर निदान दोषारोपपत्रात तरी यावं. म्हणून शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, कितीही घाण असले तरी. ते ऐकणाऱ्या दोन-तीन सभासदांची नावं घाला. फिर्याद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. वाचून दाखवणं आणि लगेच प्रत देणं हे कलम 4 नुसार अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे, तुमच्यावर मेहरबानी नाही.

दुसरी अडचण हेतूची. बचाव पक्ष हमखास म्हणणार, भांडण पार्किंगचं होतं, जातीचा काय संबंध? 2020 चा तोच निकाल जमिनीच्या वादातला होता आणि तिथे कोर्टाने हे मान्य केलं. समोरच्याची जात माहीत असणं एवढंच पुरत नाही, अपमान जातीमुळेच झालेला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालातही आलंय. पण पार्किंगच्या वादात ‘गाडी हलव’ म्हणता येतं. जात काढायची गरज नसताना ती काढली, तर हेतू त्याच शब्दांत दिसतो. पुन्हा तेच, शब्द कागदावर हवेत. आणि तुमची जात त्याला माहीत होती का, याची फार काळजी करू नका; व्यक्तिगत ओळख असेल तर माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं, नव्हती हे त्याने दाखवायचं.

आता ठाण्याचं. ‘अर्ज देऊन जा, चौकशी करून कळवतो’ हे 2018 नंतर चालत नाही. त्या वर्षी 20 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक चौकशीची मुभा आणि अटकेआधी मंजुरीची अट घातली होती, 2 एप्रिलला भारत बंद झाला, मग संसदेने कलम 18-ए आणलं. गुन्हा नोंदवायला चौकशी नको, अटकेला कुणाची मंजुरी नको. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने ते कायम ठेवलं. अटकपूर्व जामीनही मिळत नाही, मात्र सकृद्दर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर ती बंदी आड येत नाही. फिर्याद मोघम असली की आरोपी नेमका याच फटीतून निसटतो.

गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी कळवा, पोच घ्या, तरीही हालचाल नसेल तर कोर्टात जा. तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्याच दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो, मुदत 60 दिवस. कुचराई करणाऱ्या अधिकाऱ्याला 6 महिने ते 1 वर्ष शिक्षेची तरतूद आहे, पण त्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, त्यामुळे फार भरवसा ठेवू नका. अपमानाच्या गुन्ह्यात शासनाकडून 1 लाख रुपये अर्थसहाय्य आहे, पैकी 25 टक्के गुन्हा नोंदवल्यावर. पोलीस ठाण्यात हे स्वतःहून सांगत नाहीत, समाजकल्याण कार्यालयात विचारा.

खाली प्रतिक्रियांत एकांनी ‘मी ओबीसी आहे, मला हा कायदा लागतो का’ असं विचारलंय. नाही. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 352 (जुनं 504) आहे, आणि ती खरोखरच एन.सी. असते. जातीजातींत तेढ पसरवणारं जाहीर बोलणं असेल तर त्याच संहितेचं कलम 196. भाड्याने घर नाकारल्याचाही प्रश्न आहे: अस्पृश्यतेच्या कारणाने घर न देणं हे 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात बहिष्कार म्हणून गुन्हा आहे. पण घरमालक कारण तोंडाने सांगत नाही, ‘घरच्यांशी बोलून कळवतो’ म्हणतो, आणि पुरावा तिथेच संपतो.

तुमच्या बाबतीत गुन्हा नोंदवला की दोन गोष्टी होतील. एक, तुमच्यावर क्रॉस केस, म्हणजे उलट तक्रार, बहुधा मारहाणीची. म्हणून मीटिंगचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर आजच मिळवा, मूळ फोन तसाच ठेवायला सांगा. दोन, समेटाची बोलणी. या कायद्यातला गुन्हा आपापसांत मिटवता येत नाही, रद्द करायचा तर उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे तुमची संमती कुणाच्या दबावाखाली नाही ना हे पाहतात. तेव्हा कमिटीच्या लेटरहेडवरच्या ‘गैरसमजातून घडले’ अशा कागदावर सही करू नका. आणि जामिनाच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळालीच पाहिजे, तो कलम 15-ए प्रमाणे तुमचा हक्क आहे. नाही मिळाली तर विशेष सरकारी वकिलांना लेखी द्या.