पिनेची जागा आणि पाच सह्या

प्रश्न : वीस-पंचवीस माणसांच्या छोट्या कारखान्यातून मी यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या, जुन्या कंपनीत आलो. पूर्वी सकाळी सुचलेली सुधारणा दुपारी अमलात येत असे. इथे फिक्श्चरमधील (काम चालू असताना भाग जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनातील) एका पिनेची जागा बदलण्याचा माझा प्रस्ताव कित्येक महिने सह्यांच्या फेऱ्यांत अडकला आहे. 'आमच्याकडे असेच चालते' हे ऐकून वीट आला आहे. इथे थांबावे का?

उत्तर : तुमचा वैताग समजण्यासारखा आहे, पण राहायचे की जायचे हे ठरवण्याआधी ती फाईल नेमकी कोणाच्या टेबलावर आणि कशासाठी अडली आहे, याचा छडा लावा. पिनेची जागा बदलली की भाग ज्या बिंदूवर टेकतो तो बिंदू बदलतो. त्यामुळे भोकांची मापे सरकू शकतात, तपासणीचे गेज तपासून घ्यावे लागते, आणि ग्राहकाने मंजूर केलेली प्रक्रिया बदलत असेल तर त्यालाही कळवावे लागते. छोट्या कारखान्यात हे सगळे मालकाच्या एकट्याच्या डोक्यात असते. मोठ्या कंपनीत ते पाच खात्यांत विखुरलेले असते, आणि प्रत्येक सही म्हणजे त्या खात्याने 'आमच्या बाजूने अडचण नाही' असे लेखी दिलेले असते. (न वाचता सही ठोकणारेही असतातच, हे मान्य.)

नोंद न करता केलेला बदल किती महागात पडतो, हे जनरल मोटर्सच्या प्रकरणात दिसले. तिच्या काही मोटारींतील इग्निशन स्विच (किल्लीने गाडी चालू-बंद करण्याचा) धावत्या गाडीत सरकून इंजिन बंद पडत असे आणि मग अपघाताच्या वेळी एअरबॅग उघडत नसत. २००६ मध्ये स्विचची रचना सुधारली गेली, मात्र पार्ट नंबर जुनाच राहिला. परिणामी तपास करणाऱ्यांना जुन्या गाड्यांत दोष दिसे, नव्या गाड्यांत दिसत नसे, आणि कागदोपत्री दोन्ही स्विच एकच असल्याने उलगडा होत नसे. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत मागवाव्या लागल्या आणि भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. सुधारणा योग्यच होती, पण तिचा माग ठेवलेला नव्हता.

म्हणून प्रत्येक दिरंगाई शहाणपणाचीच असते, असे मुळीच नाही. नियम कधी आणि कशामुळे आला, हे शॉप फ्लोअरवरच्या जुन्या फोरमनला विचारा. 'एकदा अख्खा लॉट परत आला होता, तेव्हापासून' असे उत्तर मिळाले, तर तो नियम पाळावा. कोणालाच कारण ठाऊक नसेल, तर ती नुसती सवय आहे आणि तिच्याशी जरूर भांडावे. मात्र आकडे हाती घेऊन. एका यंत्रावर, एका लॉटपुरती चाचणी मागा, तो माल खूण करून वेगळा ठेवा, आधीची व नंतरची मापे शेजारीशेजारी मांडा, आणि बदल फसला तर जुन्या स्थितीवर कसे परतायचे तेही लिहून द्या. नकार देणाऱ्याला बहुधा याच शेवटच्या प्रश्नाची धास्ती असते. बैठकीत प्रस्ताव पहिल्यांदाच मांडू नका. क्वालिटी आणि मेंटेनन्सच्या प्रमुखांना आधी स्वतंत्रपणे भेटा.

प्रश्न : आमच्याकडे बढती ज्येष्ठतेने मिळते आणि साहेबांना डावलून वर बोलता येत नाही. अशा ठिकाणी कौशल्य गंजते का?

उत्तर : ज्येष्ठतेची रांग कंटाळवाणी असते, पण तेवढ्यावरून कंपनी वाईट ठरत नाही. दोष दिसला की तो सांगणाऱ्याचे काय होते, ते पाहा. टोयोटा काटेकोर शिस्तीसाठी ओळखली जाते, तरीही तिथे कामगारांकडून सूचना मागवण्याची योजना १९५१ पासून आहे आणि दोष आढळल्यास उत्पादनाची लाइन थांबवण्याची मुभा खुद्द कामगाराला आहे. शिस्त आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात. उलट, तुमच्या विभागात नापास माल 'साहेब रागावतील' म्हणून पास लिहिला जात असेल, तर बढतीची वाट न पाहता दुसरी नोकरी शोधायला लागा, कारण त्या अहवालाखाली उद्या तुमची सही मागितली जाईल.